यादीतला चुकलेला शब्द



मंडळाच्या कार्यक्रमात नावाचे बिल्ले तयार करताना कुणीतरी हौसेनं माझ्या नावामागे 'डॉ.' लिहितं आणि मग दिवसभर माझी पंचाईत होते. बटाटेवड्याच्या रांगेत उभी असताना कुणी सुजलेला गुडघा दाखवतं, कुणी पर्समधून कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट काढतं. मी दरवेळी सांगते, की अहो, मी रसायनशास्त्रातली डॉक्टर. माझ्या हातून आजवर एकच रोगी बरा झालाय, तो म्हणजे आमच्या लॅबमधला जुना व्हॅक्यूम पंप. तेव्हा आज मी जे लिहिते आहे तो वैद्यकीय सल्ला समजू नये. ही एका चुकीची कबुली आहे. ती चूक मी मंडळाची स्वयंसेविका म्हणून केली, आणि माझ्या पदवीनं ती पकडायला हवी होती, तिनं पकडली नाही.

ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या काकू कोण, हे जुन्या मंडळींच्या लगेच लक्षात येईल. लिहायची परवानगी त्यांनीच दिली. "लिही बाई, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. नाव छापू नकोस, आणि वय तर मुळीच नको." बारा वर्षांपूर्वी मी दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन मिनियापोलिसला शिकायला आले. पहिल्या दिवाळीला डॉर्ममध्ये एकटी बसले होते, तेव्हा ज्यांनी गाडी पाठवून मला घरी नेलं आणि अभ्यंगाचं तेल हातावर ओतलं त्या या काकू. पाडव्याचं श्रीखंड असो की गणपतीचे मोदक, मंडळाच्या स्वयंपाकघराची किल्ली गेली कित्येक वर्षं त्यांच्या कमरेला आहे.

काकूंच्या मूत्रपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं होतं. गेल्या वर्षी डिसेंबरमध्ये फुप्फुसात लहान गाठी दिसल्या आणि जानेवारीत औषध सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी शिरेतून, असे चार वेळा. काकांना रात्रीचं आणि बर्फात ड्रायव्हिंग आता झेपत नाही. म्हणून मंडळातल्या आम्ही सहाजणींनी गाडीची यादी केली. ती मीच टाइप केली, आणि सगळ्यांच्या फ्रिजवर लागली: 'काकू, केमो, मंगळवार, सकाळी ९.'

या ओळीतला एक शब्द चुकीचा होता. काकूंना केमो चालू नव्हती.

केमोथेरपीची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना थेट मारतात. म्हणून कॅन्सरबरोबर केसांची मुळं, तोंडाची आतली त्वचा, रक्त तयार करणाऱ्या पेशी यांनाही झळ लागते. काकूंना मिळत होती इम्युनोथेरपी. हे औषध कॅन्सरला हातही लावत नाही. ते आपल्याच प्रतिकारशक्तीचा आवरलेला हात मोकळा करतं.

सोसायटीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. येणाऱ्याजाणाऱ्याला तो अडवतो, पण 'आपला माणूस' असा पास दाखवला की सोडतो. हे बरंच आहे, नाहीतर तो घरच्यांनाच बडवायला लागेल. कॅन्सरची पेशी लबाड. ती तोच पास दाखवून आत नांदते. वॉचमनला थोपवणाऱ्या अशा दोन खुणा शास्त्रज्ञांना सापडल्या, सीटीएलए-४ आणि पीडी-१. पीडी-१ चा शोध जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये लागला. सीटीएलए-४ ला अडवलं तर प्रतिकारशक्ती कॅन्सरवर तुटून पडते, हे अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन यांनी उंदरांवर दाखवलं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. पहिलं औषध, इपिलिमुमॅब, त्वचेच्या मेलानोमा या कॅन्सरसाठी २०११ मध्ये इथे मंजूर झालं. पीडी-१ ला अडवणारी पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब २०१४ मध्ये आली. इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब ही जोडगोळी मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी २०१८ मध्ये मंजूर झाली. काकूंना दिली ती हीच जोडी.

पास चालेनासे झाले की वॉचमन कॅन्सरला धरतो. पण कधीकधी तो घरच्या माणसांनाही धरतो. त्वचा, आतडी, यकृत, फुप्फुसं आणि ग्रंथी. आतड्यावर हल्ला झाला तर जुलाब होतात, त्वचेवर झाला तर पुरळ दिसतं. ग्रंथीचं तसं नाही. ती गुपचूप जाते. तिचा हार्मोन रक्तातून हळूहळू कमी होतो, आणि माणसाला एवढंच वाटतं, की आज जरा बरं नाही.

आता मी गाडीत काय काय पाहिलं ते सांगते.

तिसऱ्या खेपेनंतर काकूंचं डोकं दुखायला लागलं. कपाळाच्या मागे, आत कुठेतरी. त्या म्हणाल्या, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मी म्हटलं, असेल. मार्चमध्ये सीटचा हीटर पूर्ण लावूनही त्या शालीत गुरफटून बसायला लागल्या. मी म्हटलं, काकू, मिनेसोटात मार्च म्हणजे जानेवारीच की. मग जेवण कमी झालं. चहाचा वास नको झाला. जिना चढताना मध्येच थांबून त्या कठड्याला धरायला लागल्या. पाडव्याच्या आदल्या शनिवारी मंडळाच्या श्रीखंडासाठी चक्का फेटत होतो, तेव्हा काकू स्टुलावर बसून होत्या. मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. केशराची डबी हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "अगं, हे किती घालायचं गं?"

मंडळी, दोनशे माणसांचं श्रीखंड डोळे मिटून करणारी बाई मला केशराचं प्रमाण विचारत होती! क्षणभर पोटात काहीतरी हललं. पण लगेच उत्तर तयार होतं: केमोनं होतं असं. थकवा? केमो. थंडी? केमो. भूक नाही, विसरायला होतं? केमोच. त्या एका शब्दानं सगळ्याचा उलगडा होत होता, म्हणून मी पुढे काही विचारलंच नाही. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्यानं बाटलीवर चुकीची चिठ्ठी लावली तर मी त्याला फैलावर घेते. इथे चिठ्ठी मीच लावली होती.

आणि काकू स्वतः? नर्सनं विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर: "फाइन, फाइन." आपल्या बायकांना कुणी हे शिकवलंय कोण जाणे. डॉक्टरांपुढे तक्रार केली तर त्यांना वाईट वाटेल, औषध बंद करतील, मुलांना कळेल, अशी नाना भयं. थकवा ही काय सांगायची गोष्ट, ही समजूत तर आहेच.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी रात्री नऊला काकांचा फोन आला. "अगं, ही उठत नाहीये नीट. सकाळपासून तीनदा उलटी झाली. काहीतरी असंबद्ध बोलतेय." मी त्यांना ९११ लावायला सांगितलं आणि निघाले. अ‍ॅम्ब्युलन्सनं त्यांना घराजवळच्या इस्पितळात नेलं. त्यांचा उपचार चालू होता तो दुसरीकडे, आणि तिथले कागद इथे कुणापुढे नव्हते. रक्तदाब ८४ वर ५०. रक्तातलं सोडियम १२१, जे १३५ च्या वर हवं. नर्सनं विचारलं, कॅन्सरसाठी काय चालू आहे? काका म्हणाले, "केमो." मी शेजारी उभी होते. मीही मान डोलावली.

मग केमोच्या रोग्याचं जे जे पाहायचं ते सगळं त्यांनी मन लावून पाहिलं. पांढऱ्या पेशी कमी झाल्यात का, जंतुसंसर्ग आहे का, उलट्यांनी पाणी कमी झालंय का. पांढऱ्या पेशी ठीक होत्या, ताप नव्हता. सलाईन लावलं की रक्तदाब थोडा वर यायचा आणि परत उतरायचा. मध्यरात्र उलटली. तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "औषधांची नावं काय?" मी काकूंची पर्स उपडी केली. दुकानाची कुपनं, लवंगांची पुडी, आणि त्यांच्यामध्ये दुमडलेलं, पहिल्या दिवशी नर्सनं दिलेलं एक कार्ड. त्यावर दोन्ही नावं होती, आणि मोठ्या अक्षरात: या रोग्याला इम्युनोथेरपी चालू आहे.

बाईंनी ते वाचलं आणि त्यांची चाल बदलली. "ही केमो नाही," एवढंच त्या म्हणाल्या. कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून घेतलं, आणि रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिलं. नंतर रिपोर्ट आला. सकाळी निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान असतं, आणि एवढ्या आजारात ते चांगलंच वर जायला हवं. काकूंचं १ च्याही खाली होतं.

सकाळी साडेसातला काकू उशीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "चहा मिळेल का गं? पिशवी बुडवलेलं पाणी नको." मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन रडून आले.

झालं होतं असं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. सगळ्या ग्रंथींची ती मुकादम. औषधानं मोकळ्या झालेल्या प्रतिकारशक्तीनं तिच्यावर हल्ला केला होता. याला हायपोफायसायटिस म्हणतात. आतलं ते डोकं दुखणं या सुजेचं. मुकादमाचा हुकूम बंद झाला, तशी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींनी कॉर्टिसॉल करणं थांबवलं, आणि गळ्यातली थायरॉइडही मंदावली. थंडी मिनेसोटाची नव्हती.

त्यानंतर मी जे करायला हवं होतं ते उशिरा का होईना केलं, म्हणजे शोधनिबंध वाचायला बसले. २०१८ मध्ये ३८ चाचण्यांमधल्या ७,५५१ रोग्यांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली. त्यात पिट्यूटरीला इजा झालेले रोगी एकट्या पीडी-१ च्या औषधावर ०.४ टक्के, एकट्या इपिलिमुमॅबवर ३.२ टक्के आणि दोन्ही मिळून घेणाऱ्यांत ६.४ टक्के होते. थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण त्याहून जास्त, जोडगोळीवर सुमारे १३ टक्के. इन्सुलिन बंद पडून होणारा मधुमेह विरळा, ०.२ टक्के. म्हणजे बहुतेकांना यातलं काहीच होत नाही, आणि कुणी घाबरून औषध नाकारावं असं तर मुळीच नाही. काकूंच्या फुप्फुसातल्या गाठी आज निम्म्याहून लहान झाल्या आहेत. ज्या वॉचमननं पिट्यूटरीला बडवलं, त्यानंच तेही काम केलं.

थायरॉइडची एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्यावर थेट हल्ला झाला तर ती आधी साठवलेला हार्मोन एकदम सांडते. काही आठवडे छातीत धडधड, घाम, हातांना कंप, वजन उतरणं. मग साठा संपतो आणि उलटा प्रकार सुरू होतो: थंडी, सुस्ती, बद्धकोष्ठ. आणि बिघाड वर पिट्यूटरीत असेल, तर नेहमीची टीएसएच तपासणी एकटी फसवते. टीएसएच पाठवणारीच आजारी, मग तो आकडा वाढणार कसा? सोबत टी-४ पाहावं लागतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही आधी सांगा, त्यानं काही तपासण्यांचे आकडे चुकतात.

मधुमेहाबद्दल आपल्या लोकांना मुद्दाम सांगायला हवं. आपल्याकडे प्रत्येक घरात एक तरी शुगरवाला असतो, त्यामुळे 'आली वाटतं घरातली शुगर' म्हणून आपण सोडून देतो. हा प्रकार तसा नाही. काही दिवसांत अतोनात तहान, सारखी लघवी, उलट्या, धाप. याला गोळ्या पुरत नाहीत, इन्सुलिन लागतं, आणि तेही त्याच दिवशी.

आता थोडं माझ्या विषयाचं. काकांना सगळ्यात मोठा धसका बसला तो 'स्टेरॉइड' या शब्दाचा. "आता हिला जन्मभर स्टेरॉइड? चेहरा सुजेल, हाडं ठिसूळ होतील." मी त्यांना कागदावर रेणू काढून दाखवला. एकवीस कार्बन, चार कड्या. हायड्रोकॉर्टिसोन हे औषधाच्या बाटलीवरचं नाव, कॉर्टिसॉल हे शरीरातलं नाव, रेणू तोच, एका अणूचाही फरक नाही. आतड्याची किंवा फुप्फुसाची सूज उतरवायला स्टेरॉइडचे मोठे डोस देतात, ते वेगळं. इथे शरीर रोज जेवढं स्वतः करतं तेवढंच बाहेरून भरायचं, प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, सकाळी मोठा वाटा. म्हणून ग्रंथी गेली तरी इम्युनोथेरपी बहुधा पुढे चालू ठेवता येते. काकूंचीही तीन आठवड्यांच्या खंडानंतर सुरू झाली. ग्रंथी मात्र परत येण्याची आशा फारशी नसते, गोळी कायमची.

क्रमही महत्त्वाचा. दोन्ही हार्मोन कमी असतील तर आधी कॉर्टिसॉल, मग थायरॉइडची गोळी. उलट केलं तर थायरॉक्सिन उरलंसुरलं कॉर्टिसॉलही भराभर संपवतं आणि रोगी कोसळू शकतो.

या दोन्ही गोळ्यांमागे एकच रसायनशास्त्रज्ञ आहे, आणि तोही आपल्या मिनेसोटातला. रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. पुढे अ‍ॅड्रिनलमधले पदार्थ एकेक अक्षर देऊन त्यांनी वेगळे केले. त्यातलं 'ई' म्हणजे कॉर्टिसोन, 'एफ' म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन. त्याबद्दल १९५० चं नोबेल त्यांना हेंच आणि राइखश्टाइन यांच्यासोबत मिळालं. काकूंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मी रोज सकाळी रोचेस्टरचा प्रसाद घेते तर!"

प्रसादावरून आठवलं. काकूंची चतुर्थी असते. गोळी उपासाला चालते, चालवावीच लागते, एक दिवसही चुकवायची नाही. ताप आला तर त्यांच्या डॉक्टरांनी डोस दुप्पट-तिप्पट करायला सांगितलाय. उलटीनं गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शन आणि इमर्जन्सी. काकांनी संत्र्यावर सुई टोचून सराव केला आहे. काकूंच्या हातात बांगड्यांच्या जोडीला आता एक स्टीलची पट्टी आहे, तिच्यावर त्यांचा आजार कोरला आहे. भारतात जाताना गोळ्या हातातल्या बॅगेत, आणि सोबत डॉक्टरांचं पत्र.

भारताचा विषय निघालाच आहे, तर हा आजार फक्त आपल्या इथला राहिलेला नाही. ही औषधं अतिशय महाग, म्हणून तिकडे फार थोड्यांना मिळत. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं २०२२ मध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रोग्यांवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. उद्या तुमच्या सांगलीच्या मामांना किंवा नाशिकच्या आत्याबाईंना हे औषध सुरू झालेलं तुम्ही फोनवर ऐकाल, आणि तेही त्याला केमोच म्हणतील. तेव्हा विचारा, औषधाचं नाव काय?

माझं सांगणं एवढंच. औषधाला त्याच्या नावानं हाक मारा. ते नाव आणि 'इम्युनोथेरपी' हा शब्द घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा, आणि कार्ड कुपनांच्या वर हवं. उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही हा त्रास उद्भवू शकतो, म्हणून ते लगेच टाकून देऊ नका. नवं डोकेदुखणं, न जाणारा थकवा, चक्कर, विनाकारण थंडी, उलट्या, अतोनात तहान, काहीही असो, 'फाइन' म्हणू नका. सकाळच्या रक्ताच्या थोड्या तपासण्या लागतात.

फ्रिजवरची यादी मी बदलली आहे. आता लिहिलंय: 'काकू, इम्युनोथेरपी, मंगळवार, सकाळी ९.' खाली औषधाचं नाव आणि काकांचा नंबर. मंडळातल्या आणखी दोन घरांना इस्पितळात नेण्या-आणण्याची गरज आहे, आणि पुढच्या महिन्याचे तीन मंगळवार रिकामे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी कार्यक्रमाच्या दिवशी चहाच्या टेबलापाशी मला गाठावं. गाडी चालवायला 'डॉ.' असावं लागत नाही. गाडीतला माणूस काय म्हणतो तेवढं ऐकायचं, आणि नर्ससमोर तो 'फाइन' म्हणाला तर शेजारून खरं काय ते सांगायचं.

हा मजकूर काकूंना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे. फक्त त्या श्रीखंडात शेवटी केशर जास्तच पडलं होतं, ते लिहिलं नाहीस."

लिहिलं, काकू.